बोली नको, दर हवा

२६ जानेवारी २०२५. रांचीच्या जयपालसिंग मैदानावर महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना रंगला होता. एका बाजूला ओडिशा वॉरियर्स, दुसऱ्या बाजूला सूरमा. विसाव्या मिनिटाला ओडिशाचा पहिला गोल झाला, तो ऋतुजा दादासो पिसाळचा. सूरमाने बरोबरी साधली. सामना संपायला चार-पाच मिनिटे उरली असताना विजयाचा गोल झाला, तोही ऋतुजाचाच. दोन विरुद्ध एक. महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा चषक फलटणच्या एका मुलीच्या स्टिकने जिंकून दिला.

फलटण तालुक्याने हॉकीला एकच मुलगी दिली असे नाही. आसूची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. वाखरीची अक्षता ढेकळेही भारताकडून खेळली. ऊस, नीरा उजवा कालवा आणि दुष्काळाच्या कडेला उभी असलेली गावे, या मुलखातून हे सगळे आले. आपण सत्कार केले, मिरवणुका काढल्या, बॅनर लावले. पण अशा मुलीचा पुढचा करार किती रुपयांचा असावा, आणि ते कोणत्या हिशेबाने ठरवावे, हे आपण कधी बसून बोललो नाही.

मला हा प्रश्न पडला तो घरच्या ओसरीवर. एका दिवाळीच्या आधी ओळखीतले एक शेतकरी आले. मुलगी हॉकी खेळते, तिला एका संघाचे करारपत्र आले होते. कारखान्याच्या काटापावत्या ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच ते घालून आणलेले. चौदा पाने, सगळी इंग्रजीत. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, उसाची पावती मला अंधारातबी वाचता येती. वजन किती, दर किती, वजावट किती, पैसे कधी. ह्या कागदात ह्या चार गोष्टी कुठं हायत तेवढं दाखवा." आम्ही दीड तास बोट ठेवून वाचत होतो. आकडा पहिल्याच पानावर होता. बाकीच्या तीन गोष्टी शोधताना दोघांचेही डोळे दुखले.

त्यांच्या त्या चार प्रश्नांत या विषयाचे निम्मे उत्तर आहे असे मला वाटते. म्हणून हे मुद्दे मांडतो.

१. लिलावात निघते ती बोली, ती रास्त किंमत नव्हे

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लीगचा लिलाव झाला. खेळाडूंसाठी दोन, पाच आणि दहा लाख अशा तीन पायाभूत किमती होत्या. पुरुषांच्या संघाला खर्चायला चार कोटी, महिलांच्या संघाला दोन कोटी. एका संघात २४ खेळाडू धरले, तर महिलांची सरासरी ८ लाख ३३ हजार येते आणि पुरुषांची १६ लाख ६७ हजार. महिलांत सर्वांत मोठी बोली उदिता दुहानवर लागली, ३२ लाख. एका संघाने एवढी रक्कम एका खेळाडूवर घातली, की उरलेल्या २३ जणींसाठी सरासरी ७ लाख ३० हजार उरतात.

म्हणजे पाचव्या, दहाव्या किंवा विसाव्या नावाला काय मिळेल, हे तिच्या खेळाइतकेच तिचे नाव कितव्या क्रमाने पुकारले गेले आणि तोवर संघांच्या पिशवीत किती उरले यावर ठरते. आठवडी बाजारात सकाळी आठची मेथी आणि दिवेलागणीची मेथी एकाच वाफ्यातली असते, भाव मात्र वेगळा. लिलाव त्या दिवशीची गरज सांगतो. खेळाडूची लायकी त्यातून कळत नाही. पहिल्या वर्षी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण करार नवा करायची वेळ येते, तेव्हा मागची बोली हाच पाया धरणे चूक आहे. मागची बोली म्हणजे मागच्या बाजाराचा भाव.

२. 'किमान' आणि 'रास्त' यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही

सातारा आणि सांगलीच्या माणसाला हा फरक ऊस शिकवून गेला आहे. २००९ पर्यंत उसाला 'किमान वैधानिक दर' होता. त्यानंतर 'रास्त आणि किफायतशीर दर' आला, ज्याला आपण सगळे एफआरपी म्हणतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. ऊस तोडल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. त्यापुढे साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा वाटा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला, सत्तर-तीसचे सूत्र त्यातलेच.

यातला प्रत्येक पैसा सुरळीत मिळतो असे मी म्हणत नाही. दर हंगामात आंदोलने होतात ती उगाच नाहीत. पण मोजायची पद्धत ठरलेली आहे: मूळ दर, उताऱ्याप्रमाणे वाढ, उत्पन्नात वाटा आणि पैशाची तारीख. भांडायचे तर कशावर भांडायचे हे शेतकऱ्याला ठाऊक असते. खेळाडूकडे भांडायला एक आकडा असतो, तोही दुसऱ्याने हातोडा आपटून ठरवलेला. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या मुलखाने उसाला दराची पद्धत मागितली, त्याने आपल्या खेळाडूंसाठीही ती मागावी.

३. मूळ दर बारा महिन्यांच्या जगण्यावर ठरवा

महिलांची पहिली लीग १२ ते २६ जानेवारी चालली. चार संघ, तेरा सामने. अंतिम फेरी गाठणारी खेळाडू जास्तीत जास्त सात सामने खेळली. 'दोन आठवड्यांचे इतके लाख म्हणजे चांगलेच की,' असे म्हणणारे भेटतात. उसाचे गाळपही शंभर-सव्वाशे दिवसच चालते. म्हणून कोणी ऊस शंभर दिवसांत वाढला असे म्हणत नाही.

त्या दोन आठवड्यांसाठी मुलगी वर्षभर धावते. पहाटे साडेपाचला मैदानावर दव असते, तेव्हा ती पाय ओले करून फेऱ्या मारते. चांगली कार्बनची स्टिक पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते आणि हंगामात एक पुरत नाही. बूट, शिनपॅड, फिजिओ, प्रवास, दूध-अंडी वेगळी. मुरमाच्या मैदानावर शिकलेल्या मुलीला टर्फची सवय करायची, तर घर सोडून पुण्या-मुंबईकडे राहावे लागते. शिक्षण रखडते, नोकरीचे वय निघून जाते.

ताळा पाहायला एक साधे माप घेऊ. महाराष्ट्रात नव्याने भरती झालेल्या पोलीस शिपायाचे मूळ वेतन महिन्याला २१,७०० रुपये आहे. वर्षाचे २ लाख ६० हजार ४०० झाले, तेही महागाई भत्ता न धरता. लीगच्या पहिल्या लिलावात सर्वांत खालची पायाभूत किंमत दोन लाख होती. देशातल्या पहिल्या शंभरात निवड झालेल्या मुलीची वर्षाची मेहनत नव्या शिपायाच्या मूळ वेतनापेक्षा खाली सुरू व्हावी, हे मला पटत नाही. मूळ दर निदान पाच लाख असावा, आणि भारताच्या वरिष्ठ संघात असलेल्या खेळाडूसाठी दहा.

परदेशात हे झालेले आहे. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या बर्फावरच्या हॉकी लीगचा पहिला हंगाम २०२४ मध्ये सुरू झाला. तो सुरू होण्याआधीच खेळाडूंच्या संघटनेने करार केला: किमान वेतन ३५ हजार डॉलर, आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचे तीन वर्षांचे करार. आकडे त्यांच्या देशाचे आहेत, आपल्याला ते लागू पडत नाहीत. घेण्यासारखा आहे तो क्रम. आधी दराचा करार, मग पहिला सामना.

४. उतारा मोजा, पण नुसते गोल मोजू नका

अंतिम सामन्यातले दोन गोल सगळ्यांना दिसतात. पण हॉकीत गोल हा शेवटचा स्पर्श. त्याआधी कोणीतरी मधल्या फळीत चेंडू हिसकावलेला असतो, कोणीतरी तो गोलसमोरच्या डीपर्यंत आणलेला असतो, कोणीतरी पेनल्टी कॉर्नर मिळवलेला असतो. वैष्णवी मधल्या फळीत खेळते. तिच्या खेळाचा हिशेब गोलफलकावर मांडताच येणार नाही. बचावातल्या मुलीचे तर काम नीट झाले की काहीच घडत नाही.

हॉकी पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत चालते आणि खेळाडू सतत आत-बाहेर होतात. म्हणून 'किती सामने' यापेक्षा 'किती मिनिटे' हे खरे माप आहे. अवघड सामन्याच्या शेवटच्या सत्रात प्रशिक्षक कोणाला मैदानावर ठेवतो, यावरून संघ कोणावर विसंबून आहे ते कळते. खेळाडूच्या कामगिरीच्या, म्हणजे उताऱ्याच्या, तक्त्यात मिनिटे, हिसकावलेले चेंडू, डीमध्ये केलेले प्रवेश, मिळवलेले कॉर्नर, गोल आणि गोलाला केलेली मदत या सगळ्यांना जागा हवी, आणि प्रत्येक जागेच्या खेळाडूसाठी तक्ता वेगळा हवा.

दोन पथ्ये पाळायला हवीत. तक्ता हंगामाआधी लिहून दिलेला असावा, जसा उताऱ्यामागचा ३ रुपये ४६ पैशांचा हिशेब गाळपाआधी माहीत असतो. आणि फक्त गोलाला पैसे लावू नयेत. तसे केले, तर ज्या मुलीने पास द्यायला हवा ती स्वतः मारायला जाईल. पैशाने खेळ वाकू नये.

५. जोड तोडीस तोड लावा

कुंडलच्या मैदानात किंवा पुसेगावच्या यात्रेत कुस्तीची जोड कशी लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचा मुद्दा समजावून सांगायला नको. कमिटी बसते. वस्ताद असतात, जुने मल्ल असतात. या पैलवानाने गेल्या वर्षी कोणाला चीत केले, वजन किती, तालीम कोणती, दुखणे काही आहे का, सगळे बघून जोड ठरते आणि मग इनामाचा आकडा पत्रकावर छापला जातो. चुकीची जोड लावली, तर लोक मैदानातच उठून उभे राहतात. हे मोजमाप कागदावर नसले तरी कच्चे नाही. पिढ्यांचे आहे.

उत्तर अमेरिकेच्या पुरुषांच्या बर्फावरच्या हॉकी लीगमध्ये हेच काम लवाद करतो. खेळाडू आणि संघ यांचे जमले नाही, तर दोघेही आपापला आकडा घेऊन लवादासमोर जातात. एकूण कामगिरी, किती सामने खेळला, किती वर्षे सेवा झाली, संघाच्या यशात वाटा किती, नेतृत्व केले का, आणि तशाच तोलाच्या दुसऱ्या खेळाडूंना काय मिळते, एवढे पाहिले जाते. वर्तमानपत्रांतली स्तुती पुरावा म्हणून चालत नाही. संघाची सांपत्तिक अडचणही चालत नाही.

आपल्याकडे तुलनेला आकडे आहेत. पहिल्या लिलावात लालरेमसियामीला २५ लाख, सुनेलिता टोप्पोला २४ लाख, संगीता कुमारीला २२ लाख मिळाले. भारताच्या आघाडीच्या फळीत नियमित खेळणाऱ्या मुलीची जोड या रांगेत लागते. वरिष्ठ संघात नुकत्याच आलेल्या मुलीची जोड त्याच्या थोडी खाली लागेल. पण ती दोन लाखांच्या पायरीशी नक्कीच लागत नाही.

६. शेजारच्या सांगलीशी तुलना रकमेची नको, वाट्याची करा

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात पहिले नाव पुकारले गेले ते स्मृती मानधनाचे. माधवनगरात वाढलेल्या सांगलीच्या या मुलीवर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. महिला हॉकीच्या एका अख्ख्या संघाला २४ जणी घ्यायला दोन कोटी होते. फलटण ते सांगली हे अंतर एका दिवसात जाऊन येण्याइतके. मैदानावर गाळलेल्या घामात एवढे अंतर असू शकत नाही.

तरीही 'स्मृतीइतके द्या' ही मागणी मी करणार नाही. महिला क्रिकेट लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना विकले गेले आणि प्रत्येक संघाला पहिल्या लिलावात बारा कोटी खर्चता आले. पैसा तिथून आला. हॉकीत तेवढा पैसा आज येत नाही, आणि नसलेला पैसा मागितला तर लीगच बुडेल. पण असलेल्या पैशातला वाटा मागण्यात काही गैर नाही. उत्तर अमेरिकेच्या पुरुष लीगमध्ये हॉकीतून आलेले उत्पन्न मालक आणि खेळाडू निम्मे-निम्मे वाटून घेतात. आपल्याकडे साखरेचे सत्तर-तीस आहे. हॉकी लीगने उत्पन्नाचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा आणि त्यातला ठरलेला टक्का खेळाडूंच्या मानधनाला बांधावा. लीग वाढली की दर आपोआप वाढेल. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. खेळ वाढतो तेव्हा किती वेगाने वाढतो ते यावरून दिसते. ती वाढ वरच्या दोन-चार नावांपाशी थांबू नये, म्हणून टक्का हवा.

आणि महिलांच्या संघाला पुरुषांच्या निम्मी रक्कम का, याचेही उत्तर लीगने आकड्यांत द्यावे. भारतीय क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये पुरुष आणि महिलांचे सामना-मानधन सारखे केले. हॉकीने निदान किती वर्षांत सारखे करणार ते सांगावे.

७. वय, मुदत आणि लीग बंद पडण्याची जोखीम

तिशीतल्या खेळाडूचा करार करताना संघ झालेल्या कामगिरीचे पैसे मोजतो. बावीस-तेवीसच्या मुलीचा करार करताना पुढच्या कामगिरीचे. म्हणून तरुण खेळाडूला एका हंगामाचा करार देणे आणि दरवर्षी पुन्हा बाजारात उभे करणे अन्यायाचे आहे. तीन वर्षांचा करार, दरवर्षी ठरलेली वाढ, आणि दोन वर्षांनंतर खेळाडूला फेरविचाराचा हक्क, असा साचा मला योग्य वाटतो. दहा वर्षांचे बंधनही नको. मुलगी पहिल्या वर्षीच चमकली, तर ती स्वस्तात अडकून पडते.

दुसरी जोखीम लीगची. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ पर्यंत पाच हंगाम झाले, आणि मग सात वर्षे शांतता. त्या सात वर्षांत किती खेळाडूंचे उमेदीचे वय सरले असेल! म्हणून करारात एक कलम हवेच: लीग किंवा संघ बंद पडला, तर उरलेल्या मुदतीचे निदान निम्मे मानधन खेळाडूला मिळेल, आणि त्यासाठी संघमालकाने बँक हमी आधीच ठेवावी.

८. दुखापत आणि बाळंतपण कराराच्या बाहेर ठेवू नका

बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात सोन्यासाठी वजन उचलत होता. कोपर दुखावले. तरी तो पुन्हा मंचावर गेला. एका किलोने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. ज्या घरात चहा आणि पानाच्या टपरीवर संसार चालतो, त्या घरातल्या खेळाडूसाठी कोपर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हॉकीत गुडघा आणि घोटा जातो. बोटे मोडतात. दुखापत संघासाठी खेळताना किंवा सराव करताना झाली, तर त्या हंगामाचे पूर्ण मानधन, उपचाराचा सगळा खर्च, आणि पुन्हा उभे राहीपर्यंत फिजिओ, हे करारात शब्दांत लिहिलेले असावे. महिला खेळाडूच्या करारात बाळंतपणाचे कलम असावे. जागतिक फुटबॉल महासंघाने २०२१ पासून निदान चौदा आठवड्यांची रजा आणि त्या काळात दोन-तृतीयांश वेतन बंधनकारक केले. भारतात नोकरदार स्त्रीला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. करारावर खेळणारी मुलगी नोकरदार धरली जात नाही, म्हणून तिच्यासाठी ते कलम आपणच लिहायला हवे.

९. 'नोकरी लागेल की' हे मानधनाचे उत्तर होत नाही

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि लोकांनी वर्गणी काढली. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी. मोठेपण खेळाने दिले, पोट नोकरीने भरले, आणि सन्मान उशिरा आला. सातारा जिल्हा ही गोष्ट अजून विसरलेला नाही.

आज राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मोठ्या पदकविजेत्यांना थेट नियुक्तीही मिळते. ही चांगली सोय आहे आणि ती टिकली पाहिजे. पण नोकरी समाज देतो, मानधन संघमालक देतो. एकाने दिले म्हणून दुसऱ्याचे देणे फिटत नाही. कराराच्या बैठकीत कोणी 'तुम्हाला काय, रेल्वेत लागाल' असे म्हणाले, तर आपल्या माणसाने तिथेच थांबवावे.

१०. बेण्याचे पैसे

चांगला ऊस हवा तर चांगले बेणे लागते, आणि बेणेमळ्याचा खर्च कोणीतरी करतो. या मुलींचे बेणे गावातल्या शाळेत, तालुक्याच्या मैदानावर आणि राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाले. शिट्टी आणि दोन जुन्या स्टिक घेऊन पोरींना पळवणाऱ्या क्रीडाशिक्षकाला या करारातून काही मिळत नाही.

फुटबॉलमध्ये खेळाडूची बदली पैशांनी झाली, की त्यातले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वर्षे वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात. हॉकी लीगने हा नियम घ्यावा. खेळाडूच्या मानधनातून कापून नको. त्याच्यावर पाच टक्के जादा, संघमालकाकडून, थेट ज्या शाळेने किंवा क्लबने तिला घडवले त्यांना. पंधरा लाखांच्या करारामागे पंच्याहत्तर हजार. एका खेड्यातल्या मैदानाला वर्षभराच्या स्टिक आणि चेंडू पुरतील.

११. चौदा दिवस, मराठी प्रत आणि हातात किती

हे तीन नियम छोटे आहेत, पण घरातल्या माणसाला सर्वांत आधी हेच लागतात. पहिला, हंगाम संपल्यावर चौदा दिवसांत उरलेले सगळे पैसे. उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. दुसरा, कराराची मराठी प्रत, आणि अर्थाचा वाद आला तर तीही ग्राह्य. ज्या बापाला सही करायची आहे त्याला वाचता आले पाहिजे. तिसरा, पहिल्याच पानावर एक तक्ता: एकूण रक्कम, टीडीएस, एजंटचा वाटा, इतर वजावट, आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. तोडणी-वाहतूक वजा झाल्यावर काय उरते ते पाहूनच शेतकरी हिशेब मानतो.

१२. मग आकडा किती?

सगळे मुद्दे एका मुलीवर लावून पाहू. वय तेवीस, मधल्या किंवा आघाडीच्या फळीत खेळणारी, वरिष्ठ भारतीय संघात नुकती आलेली, लीगच्या एका हंगामात जवळजवळ सगळे सामने खेळलेली आणि मोठ्या सामन्यात उपयोगी पडलेली. मूळ दर दहा लाख. जोड २२ ते २५ लाखांच्या रांगेशी लावली, पण आंतरराष्ट्रीय सामने कमी म्हणून दोन-तृतीयांश धरले, तर सुमारे पावणेपंधरा ते पावणेसतरा लाख. त्यातले बारा लाख पक्के, बाकीचे मिनिटांवर, उताऱ्याच्या तक्त्यावर आणि संघाच्या यशावर. तीन वर्षांची मुदत, दरवर्षी निदान दहा टक्के वाढ. वर बेण्याचे पाच टक्के, विमा आणि उपचार वेगळे. माझा अंदाज असा: पक्के बारा, पोहोचू शकेल सतरा. यापेक्षा खाली कोणी आले, तर त्याने मुद्द्यांवर बोलावे, नुसते 'बजेट नाही' म्हणू नये.

हा आकडा उद्या कोणी मुद्देसूद खोडून काढला, तर मला आनंदच होईल. निदान चर्चा हिशेबावर आली असे तरी म्हणता येईल.

आता काम आपले. प्रत्येक तालुक्यात कुस्तीची कमिटी आहे, तशी खेळाडूंच्या करारांची एक कमिटी असावी: एक वकील, एक हिशेबनीस, एक क्रीडाशिक्षक, एक निवृत्त खेळाडू. करार आला की त्यांनी तो मराठीत उलगडून सांगावा, पैसे न घेता. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत अशी माणसे आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी पुरे.

त्या दिवशी ओसरीवर आम्ही शेवटच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर तीन प्रश्न मराठीत लिहिले. जखमी झाली तर काय? पैसे कोणत्या तारखेला? दुसऱ्या वर्षी किती? त्यांनी सही न करता कागद परत पाठवला. आठवड्याने संघाकडून फोन आला आणि पैशाची तारीख लिहून मिळाली. बाकी दोन प्रश्नांचे उत्तर आले नाही. मुलीला खेळायचे होते, म्हणून सही झाली. सहीनंतर ते पुन्हा येऊन गेले. निघताना त्यांनी करार परत काटापावत्यांच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "एक तर मिळालं, सर. फुडच्या वर्षी दोन मागू."

पुढच्या वर्षी मागायला ते एकटे नसावेत.